घरी फायबर कनेक्शन येतंय? राउटर नीट कसा बसवायचा

फायबरचं कनेक्शन घ्यायचं ठरलं की कंपनीचा किंवा गल्लीतल्या केबलवाल्याचा माणूस वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून येतो. खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, वायर आत घेतो, जवळात जवळचा प्लग बघून बॉक्स लावतो, मोबाइलवर एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. त्याला दिवसभरात बरीच घरं उरकायची असतात, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या अर्ध्या तासात ठरलेली जागा पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि ‘आतल्या खोलीत रेंजच येत नाही’ ही तक्रार बहुतेक घरांत तिथूनच सुरू होते. म्हणून राउटर कुठे बसेल, वायर कुठून येईल आणि सगळे पासवर्ड कोणाकडे राहतील, हे तो माणूस यायच्या आधी तुम्ही ठरवा. स्वतःचं घर असो की भाड्याचं.

आधी जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महागडा राउटर चुकीच्या जागी ठेवला तर साध्या राउटरइतकंही काम देत नाही.

वाय-फायच्या लहरी राउटरपासून चारी बाजूंना पसरतात. राउटर मुख्य दाराजवळच्या कोपऱ्यात असेल तर अर्धी रेंज जिन्याला आणि शेजाऱ्यांना जाते. घराचा नकाशा कागदावर काढा, नेट जिथे सगळ्यात जास्त लागतं त्या जागांवर खुणा करा (मुलांचं अभ्यासाचं टेबल, टीव्ही, घरून काम करणाऱ्याची खोली), आणि त्यांच्या साधारण मध्ये पडणारी भिंत शोधा. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ही जागा बहुधा हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पॅसेजमध्ये येते. तिथे प्लग नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधीच काढून घ्या.

उंची साधारण पाच-सहा फूट असू द्या. जमिनीवर, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत राउटर ठेवू नये. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा हे लहरींचे सगळ्यात मोठे अडथळे. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो हे लक्षात येत नाही. भरलेली पाण्याची टाकी आणि फिश टँक लहरी शोषून घेतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्याजवळची जागा टाळा.

भिंत कशाची आहे यावरही बरंच अवलंबून असतं. आजच्या इमारतींतली चार इंची वीटभिंत लहरींना फारशी अडवत नाही. सळ्यांचं काँक्रीट, म्हणजे खांब, तुळया आणि स्लॅब, चांगलंच अडवतं. कोकणात जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात, त्यामुळे मे महिन्यात माजघरात येणारी रेंज जुलैत कमी झाल्यासारखी वाटू शकते. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींचंही तेच. अशा घरात एका राउटरवर सगळं भागवण्याचा हट्ट धरू नका. त्याचा उपाय पुढे येतो.

राउटरला काड्यांसारखे अँटेना असतील तर एवढं ध्यानात ठेवा: उभी काडी आडव्या दिशेला जास्त लहरी फेकते, टोकाच्या दिशेला कमी. एकाच मजल्यावर वापर असेल तर सगळ्या काड्या उभ्या. वरच्या मजल्यावरही रेंज हवी असेल तर एखादी आडवी करून बघा.

फायबरची वायर आणि पॉवरचा आकडा

बाहेरून येणाऱ्या काळ्या वायरीत केसासारखा बारीक काचेचा धागा असतो आणि त्यातून प्रकाश येतो. त्यामुळे तिला तांब्याच्या वायरीसारखं वागवून चालत नाही. कोपऱ्यात काटकोनात मोडायची नाही, दारात चेपू द्यायची नाही, वर खिळा ठोकायचा नाही. उरलेल्या वायरीचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान नको. त्याहून घट्ट गुंडाळली तर प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. बॉक्स पॅसेजपर्यंत न्यायचा असेल तर केसिंग पट्टीतून फायबर आणायला सांगा. जास्तीच्या वायरीचे थोडे पैसे पडतील, ते द्या.

घरात ज्या बॉक्सला ही वायर लागते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बोलताना लोक मोडेमच म्हणतात. वायरीच्या टोकाचा हिरवा कनेक्टर आठ अंशांत तिरका घासलेला असतो, निळा सरळ असतो. हिरव्याच्या जागी निळा किंवा उलट असं जोडलं की नेट कदाचित चालेल, पण प्रकाश वाया जाईल. कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका, आणि उघड्या टोकात डोळा घालून बघू तर अजिबात नका: त्यातला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तंत्रज्ञाकडे वायरीतून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर असतो. ‘पॉवर किती येतेय?’ हा प्रश्न त्याला नक्की विचारा आणि आलेला आकडा लिहून ठेवा. तो उणे डेसिबल-मिलिवॅटमध्ये असतो, म्हणजे मायनस १९, मायनस २२ असा. मायनस २७ ही बहुतेक घरगुती बॉक्सची शेवटची मर्यादा. मायनस २० च्या आसपास असेल तर उत्तम. मायनस २५ किंवा २६ आला तर आज नेट चालेल, पण वायरीला थोडा धक्का बसला की बंद पडेल. तीन डेसिबल घटले की प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे २३ आणि २६ मधला फरक वाटतो त्याहून खूप मोठा आहे. आकडा खराब असेल तर कनेक्टर पुसून किंवा जोड पुन्हा करून घ्या, आणि हे तो माणूस घरात असतानाच करून घ्या.

बॉक्स एक की दोन

हल्ली बहुतेक कंपन्या ओएनटीतच वाय-फाय देतात. एक-दोन खोल्यांच्या घराला तेवढं पुरतं. घर मोठं असेल किंवा दिलेल्या बॉक्सचं वाय-फाय जुन्या पद्धतीचं असेल तर स्वतःचा राउटर वेगळा घ्या. ओएनटी मात्र बाजारातून आणून परस्पर बदलता येत नाही. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो.

दोन बॉक्स असतील तर इंटरनेटचं लॉगिन कोण करणार ते आधी ठरवा. चांगला मार्ग म्हणजे ओएनटीला ब्रिज मोडवर टाकून घेणं. मग तो फक्त प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि बाकी सगळं काम तुमचा राउटर करतो. कंपनी ब्रिज मोड देत नसेल तर आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो लॉगिन न करता फक्त वाय-फाय देतो. दोन्ही बॉक्स राउटर म्हणून चालले आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला तर ते एकमेकांत अडकतात आणि नेट चालत नाही.

दोघांना जोडणारी लॅन केबल स्वस्तातली घेऊ नका. कॅट-६ घ्या, पूर्ण तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. ती ठिसूळ असते आणि लांब अंतरावर दगा देते. केबलची लांबी शंभर मीटरच्या आत असली की पुरे.

राउटरच्या पानावर

आता सेटिंग. हे काम पहिल्यांदा मोबाइलपेक्षा लॅपटॉप लॅन केबलने जोडून केलेलं बरं, म्हणजे वाय-फायचं नाव बदलल्यावर मध्येच संपर्क तुटत नाही. लॅपटॉप नसेल तर कंपनीचं मोबाइल ॲप चालतं.

१. राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर पानाचा पत्ता, सुरुवातीचं युजरनेम आणि पासवर्ड असतो.

२. ओएनटीची केबल राउटरच्या वॅन पोर्टला लावा (बाहेरचं नेट आत घेणारा, बहुधा वेगळ्या रंगाचा असतो) आणि लॅपटॉप कुठल्याही लॅन पोर्टला (घरातल्या उपकरणांसाठीचे).

३. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लेबलवरचा पत्ता टाका. बहुतेकदा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे.

४. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे ॲडमिन पासवर्ड बदलणं. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या सेटिंगचा. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवले होते, एवढंच त्याला पुरलं.

५. इंटरनेटच्या पानावर कनेक्शनचा प्रकार निवडा. स्थानिक पुरवठादारांकडे बहुधा पीपीपीओई असतं, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागतो. त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. काहींकडे डायनॅमिक आयपी असतं, तिथे काही भरावं लागत नाही. काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही लागतो. ही सगळी माहिती बसवायला आलेल्या माणसाकडून वहीत लिहून घ्या. ‘साहेब, ते आमच्याकडे असतं’ असं उत्तर आलं तरी शांतपणे पुन्हा मागा, नाहीतर कस्टमर केअरकडून घ्या. राउटर कधी रीसेट झाला तर हीच माहिती लागते.

६. सेव्ह केल्यावर स्टेटसच्या पानावर वॅन आयपी (पुरवठादाराने राउटरला दिलेला पत्ता) दिसला की जोडणी झाली. दिसत नसेल आणि युजरनेम बरोबर असेल, तर पुरवठादाराने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. एक फोन करून तो मोकळा करून घ्या.

तो वॅन आयपी एकदा नीट बघा. १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर पुरवठादार एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतो आहे. रोजच्या वापराला त्याने काही बिघडत नाही. पण गावच्या घराचा किंवा शेतावरचा कॅमेरा पोर्ट उघडून (म्हणजे राउटरमधून बाहेरच्याला थेट आत यायची वाट ठेवून) पुण्या-मुंबईतून बघायचा बेत असेल तर तो जमणार नाही. क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्या किंवा पैसे भरून स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागा.

७. फर्मवेअर (राउटरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करा, आणि आपोआप अपडेटची सोय असेल तर सुरू ठेवा. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसही (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद करा; त्याच्या आठ आकडी पिनमधली कच्ची जागा २०११ मध्येच उघड झाली आहे.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड

नावात फ्लॅट नंबर, आडनाव, मोबाइल नंबर घालू नका. ते नाव जिन्यात उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं.

सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र निवडा. जुने मोबाइल जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी हे पर्याय दिसले तरी घेऊ नका. पासवर्डला किमान आठ अक्षरं लागतात, पण ६३ पर्यंत चालतात, त्याचा फायदा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, ‘जांभूळ ओसरी चाळण सतरा’ असे. आजीला फोनवर सांगायला सोपा आणि कुणाला ओळखायला अवघड. (हा छापून आलेला आहे, तुमचा वेगळा करा.)

वाय-फाय उघडं ठेवण्याचा धोका आपल्याकडे चांगलाच अनुभवलेला आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. तपास यंत्रणा पहिल्यांदा त्याच्याच दाराशी पोचल्या. तुमच्या नेटवरून काही झालं तर माग तुमच्या घरापर्यंत येतो.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. त्यावर जोडलेल्या फोनला नेट मिळतं, पण तुमचा लॅपटॉप आणि प्रिंटर दिसत नाहीत. स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट बल्बही मी गेस्टवरच ठेवायला सांगेन.

२.४ की ५

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्या पार करतो, पण वेग कमी आणि इमारतीत गर्दी भयंकर. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींनंतर दमतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, कॅमेरे, बल्ब आणि लांबच्या खोलीतले फोन २.४ वर. दोन्हींना एकच नाव देण्याची सोय असते आणि बऱ्याचदा ती नीट चालते. स्मार्ट बल्ब जोडला जात नसेल तर दोन वेगळी नावं द्या.

२.४ मध्ये चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची कटकट तुम्हाला आणि तुमची त्यांना. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर उघडून तिन्हींपैकी कुठला मोकळा आहे ते रात्री नऊच्या सुमाराला बघा, कारण खरी गर्दी तेव्हाच कळते. ५ मध्ये ८० मेगाहर्ट्झ रुंदी आणि ३६ किंवा १४९ पासून सुरुवात करा.

वेग मोजताना

प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात, ती फसवणूक नाही.

पहिली चाचणी केबल लावून करा. केबलवर पूर्ण वेग आणि वाय-फायवर कमी, तर प्रश्न घरातला आहे. केबलवरही कमी, तर तक्रार करा. मात्र एक खूण ओळखून ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि केबलवरचा आकडा ९४-९५ वर अडकला असेल, तर कुठेतरी जोडणी शंभरच्या वेगावर झाली आहे. एक तर एखाद्या बॉक्सचा पोर्ट शंभरचा आहे, नाहीतर केबलमधल्या आठपैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये (तारा प्लगमध्ये दाबून बसवताना) नीट बसलेली नाही. शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला (हजारच्या वेगाला) आठही लागतात. क्रिंपिंगचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

लांबची खोली, वरचा मजला

इथे बहुतेकजण हजार रुपयांच्या आसपासचा रिपीटर आणतात. एकाच पट्टीवर ऐकणारा आणि तिच्यावरच बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, आणि रेंज नसलेल्या खोलीतच लावला तर त्यालाच काही ऐकू येत नाही. लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा.

माझा आग्रह लॅन केबलसाठी आहे. राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत एक कॅट-६ केबल टाका आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो. नाव आणि पासवर्ड खालचाच द्या, चॅनल मात्र वेगळा. जांभ्याच्या किंवा दगडी घरांना याच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. घराचं काम चालू असेल तर प्रत्येक खोलीत लॅनसाठी रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या, विजेच्या पाइपपेक्षा वेगळा. केबल टाकणं अशक्य असेल तेव्हा मेश संच (एकमेकांशी वायरशिवाय बोलणारे दोन-तीन बॉक्स) घ्या, शक्यतो तीन पट्ट्यांचा.

वीज गेली तर, वीज कडाडली तर

बारावीचा अर्ज भरताना लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही. राउटर आणि ओएनटी मिळून जेमतेम १० ते २० वॅट घेतात, त्यामुळे छोट्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर काम भागतं. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. काही बॉक्स ९ किंवा ५ व्होल्टचे असतात, आणि चुकीचा व्होल्ट लागला तर ते जळतात. पिनचा आकार आणि धन-ऋणाची खूणही जुळवा. खोक्यावरच्या ८८०० एमएएच अशा आकड्याने भुलू नका: तो बहुधा बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. थोडी वीज वाया जाते हे धरून १२ वॅटच्या भाराला तो दोन-सव्वादोन तास पुरतो.

फायबर घरापर्यंत थेट येत असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे सोसायटीची वीज गेली तरी नेट चालू शकतं. गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबलने येत असेल तर तिथेही बॅकअप हवा. सोसायटीच्या सभेत हा विषय काढण्यासारखा आहे.

वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण त्याच्या सोबतच्या आधाराच्या तारेतून आणि गच्चीवरून आलेल्या लॅन केबलमधून येऊ शकते. ती लॅन केबलही काढा.

नेट गेलं तर कुठून बघायचं

बाहेरून आत या. ओएनटीवर लॉस नावाचा लाल लाइट लागलेला किंवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही. हिरवा कनेक्टर नीट बसलाय का आणि वायर कुठे चेपली आहे का ते बघा, मग थेट तक्रार करा, राउटरशी खेळू नका. पॉन लाइट सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही, तेही काम कंपनीचंच. दोन्ही ठीक असून नेट नसेल तर ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद करा, आधी ओएनटी लावा, दोन मिनिटं थांबा, मग राउटर. तरीही नाही तर राउटरच्या पानावर वॅन आयपी आहे का पाहा. आयपी आहे पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा.

तक्रार करताना लाइटचा फोटो, बसवताना लिहून घेतलेला पॉवरचा आकडा आणि केबलवर केलेल्या चाचणीचा स्क्रीनशॉट पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. एवढी माहिती दिली की ‘राउटर बंद-चालू करून बघा’ या पायरीवर अडकावं लागत नाही. आणि मागचं टाचणीने दाबायचं रीसेटचं बटण कुणी फोनवरून दाबायला सांगितलं, तर आधी ती पीपीपीओईची माहिती असलेली वही समोर आहे ना ते पाहा. नसेल तर पलीकडच्या माणसाकडून ती लिहून घ्या, मगच बटण दाबा.